रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील एन्झाइम: गुठळी, दाह आणि वेळेचे महत्त्व

भाजी चिरताना बोट कापले तर काही मिनिटांत रक्त थांबते. तेच रक्त शरीरात दिवसरात्र फिरत असते, पण एरवी कुठेच गोठत नाही. याचे बरेचसे श्रेय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि त्यातील एन्झाइमना, म्हणजेच विकरांना, जाते. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, पायातील शिरेत होणारी गुठळी या आजारांत हीच यंत्रणा कमी पडलेली असते.

थोडक्यात:

- रक्तवाहिनीचे अस्तर सतत काम करत असते. ते रक्त वाहते ठेवते, नको असलेली गुठळी विरघळवते आणि दाह आटोक्यात ठेवते.
- तंबाखू, अनियंत्रित मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे हे अस्तर बिघडते.
- अस्तरातील एका एन्झाइमपासून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तयार झाले आहे. पक्षाघातात ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ माहीत असणे आणि योग्य रुग्णालयात लगेच पोहोचणे महत्त्वाचे आहे.

अस्तर म्हणजे काय?

हृदयापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक थर असतो. त्याची जाडी फक्त एका पेशीएवढी असते. पूर्वी त्याला पाइपच्या आतल्या गुळगुळीत लेपासारखे समजले जाई. प्रत्यक्षात या पेशी रक्ताचा वेग, दाब आणि रक्तातील रसायने यांचा अंदाज घेतात आणि त्यानुसार निरनिराळे पदार्थ तयार करतात. हे पदार्थ तयार करण्याचे किंवा निकामी करण्याचे काम एन्झाइम करतात.

अस्तरातील एन्झाइम कोणती कामे करतात?

१. प्लेटलेटना बोलावणारा निरोप पुसणे

पेशीला इजा झाली की तिच्यातून एटीपी आणि एडीपी ही रसायने बाहेर सांडतात. एडीपी म्हणजे प्लेटलेटसाठी ‘इकडे या आणि एकमेकींना चिकटा’ असा निरोप असतो. जखमेच्या जागी तो हवाच, पण रक्तवाहिनीत पुढे पसरला तर नको त्या ठिकाणी गुठळी होईल. हे टाळण्यासाठी अस्तराच्या पृष्ठभागावर दोन एन्झाइम असतात, सीडी३९ आणि सीडी७३. सीडी३९ एटीपी आणि एडीपीचे तुकडे करून एएमपी बनवते. सीडी७३ त्या एएमपीचे अ‍ॅडेनोसिन करते. अ‍ॅडेनोसिन दाह शमवते आणि रक्तवाहिनी सैल करते. म्हणजे धोक्याच्या घंटेतूनच शांततेचा निरोप तयार होतो.

सीडी७३ जन्मतःच काम करत नसेल तर काय होते, हे २०११ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले. अशा व्यक्तींच्या पायांच्या धमन्यांत आणि हातापायांच्या सांध्यांभोवती कॅल्शियम साचते. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण हे एन्झाइम किती गरजेचे आहे हे त्यातून कळते.

अँजिओप्लास्टीनंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी अनेकांच्या घरी असते. ती एडीपी नष्ट करत नाही, प्लेटलेटला एडीपीचा निरोप ऐकूच येऊ देत नाही. जे काम निरोगी अस्तर स्वतः करते, त्याला ही गोळी दुसऱ्या मार्गाने हातभार लावते. नवा स्टेंट असताना ती मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

२. रक्तवाहिनी सैल ठेवणे

अस्तरातील नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करते. हा वायू काही सेकंदच टिकतो. तेवढ्या वेळात तो रक्तवाहिनीचा स्नायू सैल करतो आणि प्लेटलेट व पांढऱ्या पेशींना अस्तराला चिकटू देत नाही. या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. व्यायामाने रक्ताचा प्रवाह वाढला की हे एन्झाइम अधिक काम करते. चालण्याचा फायदा केवळ वजन कमी करण्यापुरता नसतो, तो असा.

३. प्रोस्टासायक्लिन तयार करणे

हा अस्तरात तयार होणारा आणखी एक संरक्षक पदार्थ, १९७६ मध्ये शोधला गेलेला. तो प्लेटलेटना एकमेकींना चिकटण्यापासून रोखतो. प्लेटलेट मात्र याच्या नेमका उलट गुणाचा थ्रॉम्बॉक्सेन बनवतात. दोन्ही पदार्थ बनवायला सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम लागते आणि अ‍ॅस्पिरिन नेमके तेच बंद करते.

मग अ‍ॅस्पिरिनचा फायदा कसा होतो? प्लेटलेटमध्ये पेशीकेंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे एन्झाइम बनवता येत नाही. एकदा बंद झालेली प्लेटलेट तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे ७ ते १० दिवस, बंदच राहते. अस्तराची पेशी मात्र काही तासांत नवे एन्झाइम बनवते. म्हणून हृदयरुग्णांना रोज ७५ मिलिग्रॅमसारखी छोटी मात्रा दिली जाते. तेवढ्याने प्लेटलेट शांत राहतात आणि अस्तराचे काम चालू राहते.

४. थ्रॉम्बिनची दिशा बदलणे

थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे प्रमुख एन्झाइम. ते निरोगी अस्तरावरील थ्रॉम्बोमॉड्युलिन या प्रथिनाला जोडले गेले की त्याचे काम उलटते. मग ते प्रोटीन सी या रक्तातील प्रथिनाला जागे करते आणि प्रोटीन सी गोठण्याची साखळी तोडते. काही कुटुंबांत प्रोटीन सी जन्मतः कमी असते. अशा व्यक्तींना तरुणपणीच शिरांमध्ये गुठळ्या होऊ शकतात.

५. झालेली गुठळी विरघळवणे

एवढे करूनही लहानसहान गुठळ्या होतातच. त्यासाठी अस्तराच्या पेशी टीपीए नावाचे एन्झाइम रक्तात सोडतात. पूर्ण नाव टिश्यू प्लास्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर. गुठळीचा सांगाडा म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे. टीपीए त्या जाळ्यावर बसते, तिथल्या प्लास्मिनोजेनचे प्लास्मिन करते आणि प्लास्मिन ते धागे कापते. टीपीएला लगाम घालणारे पीएआय-१ हे प्रथिनही शरीरात असते. त्याचे प्रमाण पहाटे व सकाळी जास्त असते. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात सकाळच्या वेळी अधिक होतात, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. पोटाची चरबी वाढली की पीएआय-१ देखील वाढते.

दाह आणि गुठळी एकत्र का येतात?

जंतू आत शिरले की रक्तवाहिनीच्या त्या भागात गोठण्याची क्रिया वाढते, जेणेकरून जंतू पुढे पसरू नयेत. पण संसर्ग तीव्र असेल तर अस्तर जागोजागी दुखावते, वरील संरक्षक यंत्रणा मंदावते आणि सर्वत्र लहान गुठळ्या होऊ लागतात.

कोविडच्या काळात हे सर्वांनी पाहिले. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवरील जम्बो रुग्णालयात किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ज्यांचे नातेवाईक दाखल होते, त्यांना ‘डी-डायमर किती आला?’ हा प्रश्न आठवत असेल. प्लास्मिनने फायब्रिनचे जाळे कापल्यावर जे तुकडे उरतात, त्यांपैकी एक म्हणजे डी-डायमर. तो वाढणे म्हणजे शरीरात कुठेतरी गुठळ्या होत आहेत आणि विरघळतही आहेत. मात्र संसर्ग, गर्भारपण, शस्त्रक्रिया आणि वाढते वय यांमुळेही तो वाढतो. त्यामुळे फक्त हा आकडा पाहून घाबरू नये किंवा रक्त पातळ करणारे औषध सुरू करू नये.

डेंग्यूत अस्तरातून द्रव पाझरतो आणि प्लेटलेटही कमी होतात. म्हणून डेंग्यूची शंका असताना तापासाठी अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नये. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत घ्यावे.

अस्तर कशाने बिघडते?

- तंबाखू: सिगारेट, बिडी यांसोबत गुटखा, मावा, मिश्री यांचाही रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. ‘मी ओढत नाही, फक्त खातो’ यात सुरक्षितता नाही.
- मधुमेह: जास्त साखरेमुळे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते.
- उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल: दोन्ही वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय नुकसान करतात.
- हवेतील सूक्ष्म कण: वाहनांचा धूर आणि धूळ फुप्फुसापुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही इजा करते.
- अपुरी झोप आणि रात्रपाळी: अनेक वर्षे रात्रपाळी करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका काहीसा वाढलेला आढळतो. पाळी बदलणे हातात नसते, पण रक्तदाब व साखर तपासून घेणे आणि तंबाखू सोडणे हातात असते.

भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे येथील अनेक कारखान्यांत कामगारांची वार्षिक तपासणी होते. तो कागद कपाटात न ठेवता डॉक्टरांना दाखवा. पस्तिशीतही रक्तदाब वाढलेला असू शकतो.

एन्झाइम जेव्हा औषध होते

टीपीए गुठळी विरघळवते हे कळल्यावर ते शरीराबाहेर तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे देझिरे कोलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शुद्ध स्वरूपात मिळवले. पुढे जनुक तंत्रज्ञानाने ते मोठ्या प्रमाणात बनू लागले. या औषधाला अल्टेप्लेज म्हणतात. अमेरिकेत ते १९८७ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यासाठी आणि १९९६ मध्ये पक्षाघातासाठी मान्य झाले.

शरीरातील टीपीए रक्तात जेमतेम पाच मिनिटे टिकते. त्यामुळे पक्षाघातात अल्टेप्लेजचा थोडा भाग एकदम आणि उरलेला तासभर सलाइनमधून द्यावा लागतो. शास्त्रज्ञांनी या एन्झाइमच्या रचनेत काही बदल करून टेनेक्टेप्लेज तयार केले. ते जास्त वेळ टिकते, फायब्रिनवर अधिक नेमके बसते आणि काही सेकंदांत एकाच इंजेक्शनने देता येते. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवायचे असेल तेव्हा याचा मोठा उपयोग होतो.

हे औषध आपल्या अगदी जवळ तयार होते. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीतील जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही एमक्युअर समूहातील कंपनी टेनेक्टेप्लेज बनवते. हीच कंपनी २०२२ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या भारतीय एमआरएनए कोविड लशीमुळे अनेकांना ठाऊक आहे. भारतात टेनेक्टेप्लेज हृदयविकाराच्या झटक्यासाठी आणि पक्षाघातासाठी वापरले जाते. अमेरिकेत पक्षाघातासाठी त्याला २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

शरीरातील प्रत्येक संरक्षक पदार्थाचे असे यशस्वी औषध होतेच असे नाही. जागे केलेले प्रोटीन सी हे तीव्र जंतुसंसर्गावर औषध म्हणून काही वर्षे वापरले गेले. पण त्याने मृत्यू कमी होत नाहीत असे दिसल्यावर २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले.

पक्षाघातात साडेचार तासांची मर्यादा का?

मेंदूची मोठी धमनी बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात असा अंदाज आहे. शिवाय वेळ जातो तशी त्या भागातील रक्तवाहिन्यांची भिंतही कमकुवत होते. उशिरा गुठळी विरघळवली तर तिथून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

धोका वेळेत दिलेल्या इंजेक्शनातही असतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत टीपीए मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे ६ रुग्णांना मेंदूत लक्षणे निर्माण करणारा रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी अपंगत्वाशिवाय किंवा अगदी थोड्या अपंगत्वासह वावरणाऱ्यांचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात स्पष्टपणे जास्त होते. डॉक्टर संमतीपत्रावर सही मागतात तेव्हा हाच हिशेब समोर असतो. शंका जरूर विचारा, पण ‘गावाहून सगळे आल्यावर ठरवू’ असे म्हणण्याइतका वेळ नसतो.

काही पक्षाघात गुठळीमुळे नव्हे, तर मेंदूतील रक्तस्रावामुळे होतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. मोठी गुठळी असल्यास ती तारेने काढण्याचा उपचारही काही केंद्रांत होतो आणि निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. उशीर झाला असला तरी घरी थांबू नका.

हृदयविकाराच्या झटक्यात शक्य असेल तिथे लगेच अँजिओप्लास्टी करणे चांगले. ती वेळेत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. पहिल्या तीन तासांत त्याचा फायदा सर्वाधिक असतो आणि बारा तासांपर्यंत ते देता येते. इंजेक्शननंतर बरे वाटले तरी अँजिओग्राफी टाळू नये.

घरी किंवा कामावर काय करावे?

अचानक चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, दिसेनासे होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर:

१. घड्याळ पाहा. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ही वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली तर झोपायला गेल्याची वेळ धरली जाते. चाकण, मोशी, नाणेकरवाडी भागात अनेक तरुण कामगार खोली घेऊन एकत्र राहतात आणि त्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात. खोलीतला सोबती, सुपरवायझर किंवा घरी झालेला शेवटचा फोन यांवरूनही वेळ कळते. वेळच कळली नाही तर चांगले रुग्णालय असूनही इंजेक्शन देणे अवघड होते.

२. १०८ वर फोन करा किंवा कंपनीची रुग्णवाहिका बोलवा. पक्षाघाताची शंका आहे हे स्पष्ट सांगा. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये.

३. सीटी स्कॅन आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन चोवीस तास उपलब्ध असलेल्याच रुग्णालयात जा. आधी छोटा दवाखाना, मग तपासणी केंद्र, मग मोठे रुग्णालय अशा फेऱ्यांत वेळ निघून जातो. ईएसआय कार्ड असले तरी आधी चिठ्ठी आणायला जाऊ नका. जवळच्या योग्य रुग्णालयात उपचार सुरू करा आणि ईएसआयला लगेच कळवा.

४. खायला-प्यायला देऊ नका. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, कारण रक्तस्राव असेल तर तो वाढेल. रक्तदाबाची गोळी जिभेखाली ठेवू नका. मधुमेह असल्यास साखर तपासा, कारण साखर खूप उतरल्यासही अशीच लक्षणे दिसतात.

५. चालू औषधांची यादी सोबत घ्या. विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे आणि नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रिया सांगा.

पुणे-नाशिक महामार्गावर आणि चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी किती वेळ अडकावे लागते हे रोज ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून जवळचे योग्य रुग्णालय कोणते हे आजच चौकशी करून ठरवा आणि त्याचा क्रमांक घरी व खात्यात लावून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*अस्तरातील एन्झाइमची रक्ततपासणी असते का?*
रोजच्या वापरात नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचा घेर यांवरून अस्तराच्या स्थितीचा पुरेसा अंदाज येतो. तरुण वयात किंवा वारंवार गुठळी झाल्यास प्रोटीन सीसारख्या तपासण्या डॉक्टर सांगतात.

*नॅटोकायनेज किंवा ‘ब्लॉकेज उघडणाऱ्या’ एन्झाइमच्या गोळ्या घ्याव्यात का?*
अशा गोळ्यांनी हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन यांसोबत घेतल्यास रक्तस्राव वाढू शकतो. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा.

*कंबरदुखीसाठी रोज वेदनाशामक घेतले तर चालेल का?*
नाही. डायक्लोफेनॅकसारखी औषधे अस्तरातील प्रोस्टासायक्लिन कमी करतात आणि दीर्घ वापराने हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक याच कारणाने २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. हृदयरुग्णांनी मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक घेऊ नये.

*मला आजार नाही. खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू का?*
स्वतःहून नको. निरोगी व्यक्तीत पोटातील रक्तस्रावाचा धोका फायद्याइतका किंवा त्याहून जास्त असू शकतो.

*बिघडलेले अस्तर सुधारते का?*
बऱ्याच प्रमाणात. तंबाखू सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्मा होतो. नियमित चालणे, नियंत्रित साखर व रक्तदाब आणि गरज असल्यास स्टॅटिन यांनी नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती सुधारते. मात्र बरे वाटू लागले म्हणून औषधे बंद करू नका. रक्तदाब आटोक्यात दिसतो तो बहुधा त्या गोळीमुळेच.

ही माहिती सर्वसाधारण समज वाढवण्यासाठी आहे. तुमच्या औषधात बदल करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला.